उपासाला चालते

आईच्या शोकसभेत चहा नव्हता. सभा सकाळची होती आणि आईच्या उपास-मंडळाची खाण्याची विंडो दुपारी एकला उघडायची. त्यामुळे सोसायटीच्या हॉलच्या दाराशी काळ्या कॉफीचा थर्मास, कोमट पाण्याचा जग आणि काचेच्या वाटीत कॅप्सूल ठेवल्या होत्या. येणारी प्रत्येक बाई आधी आईच्या फोटोला फूल वाहायची, मग वाटीतली एक कॅप्सूल उचलून तोंडात टाकायची. प्रसाद घ्यावा तशी, उजव्या हातानं.

हॉलच्या खिडक्या बंद होत्या आणि आत पन्नासेक उपाशी तोंडांचा वास साठला होता. काळ्या पडलेल्या केळ्यांवर कुणी नेलपॉलिश काढायचं द्रावण सांडावं, तसा. मला तो ओळखीचा होता. आईच्या खोलीत शेवटी शेवटी तोच असायचा. मी तिच्यावर वाकले की श्वास रोखून धरायचे आणि तिला ते कळायचं.

अलका पाध्ये बोलायला उभ्या राहिल्या. मंडळ त्यांनीच सुरू केलेलं. आमच्या सांगलीत त्या कॅप्सूलची, 'शुद्धी'ची, एजन्सीही त्यांचीच.

"शैलजाताई गेल्या असं कुणी म्हणू नका," त्या म्हणाल्या. "शैलजाताई हलक्या झाल्या."

मागच्या पडद्यावर दोन फोटो होते. डावीकडे माझ्या लग्नातली आई, जांभळ्या पैठणीत, गालात लाडू असल्यासारखी हसणारी. खाली लिहिलं होतं 'आधी'. उजवीकडे श्रावणातली आई, गळ्याची हाडं वर आलेली, कातडी लख्ख. खाली 'नंतर'. त्या 'नंतर'च्या नंतर काय झालं, ते पडद्यावर नव्हतं.

"किती तेज होतं नाही चेहऱ्यावर!" माझ्या शेजारची बाई मला म्हणाली. बोलताना तिची पांढरी पडलेली जीभ दिसली. "पोर्सेलिनसारखी त्वचा. तू घेतेस की नाही शुद्धी?"

मी नाही म्हणाले. तिनं माझ्या पोटाकडे पाहिलं आणि हात थोपटला.

तेवढ्यात बेबीमावशी उठली. बेबीमावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. बँकेतून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहणारी. तिचं खरं नाव विजया आहे, पण बँकेचे शिपाईसुद्धा तिला बेबीताईच म्हणत. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"ताईचा चातुर्मासाचा नेम अर्धा राहिलाय," ती म्हणाली. "ती गेली त्या दिवशीच मी तो उचललाय, आज तीन आठवडे झाले. ती करत होती तस्साच. तुळशीच्या लग्नानंतर उद्यापन मी करीन."

टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या. मावशी खाली बसली तेव्हा तिच्या ब्लाउजची बाही दंडावर मोकळी हलत होती. ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "केतू, बरं केलं ना गं मी?" आणि तिच्या तोंडाला तो वास आला.

*

बाबा गेल्यावर आई मंडळात जायला लागली होती. सोळा तास उपास, आठ तास खाणं. घरात एकटीसाठी स्वयंपाक करायचा कंटाळा, त्याला तिथे नाव मिळालं, मैत्रिणी मिळाल्या, दिवसाला आकार आला. मला बरं वाटलं होतं. मी पुण्यात एका प्रकाशनसंस्थेत संपादनाचं काम करते. रोज फोन व्हायचा. सुरुवातीला तिच्या गप्पा मजेच्या असत. अमुक बाईच्या ब जीवनसत्त्वाच्या गोळीवर साखरेचा थर आहे, मग गोळीनं उपास मोडला का? माशाच्या तेलाची कॅप्सूल शाकाहारी बाईनं घेतली तर पाप कुणाला? केसांसाठीच्या चघळायच्या गोळ्या कुणी चोरून किती खाल्ल्या? ती हे सगळं नकला करून सांगायची.

मग शुद्धी आली आणि नकला थांबल्या. पूर्वी फोन उचलला की आईचं पहिलं वाक्य असायचं, "जेवलीस का?" आता ती विचारायची, "किती तास झाले तुला?"

शुद्धीमागची कल्पना सुंदर होती, हे मान्य करायला हवं. माणूस उपाशी राहिला की त्याच्या पेशी स्वतःतली अडगळ, जुनी प्रथिनं, निकामी झालेले भाग गिळतात आणि त्यांचं इंधन करतात. शास्त्रज्ञ त्याला स्वभक्षण म्हणतात. वय वाढतं तशी ही साफसफाई मंदावते. शुद्धीच्या कॅप्सूलमध्ये मुद्दाम बदल केलेला एक जिवाणू होता. तो आतड्यात बिऱ्हाड थाटायचा आणि पोट रिकामं असेपर्यंत एक रसायन सोडत राहायचा. त्या रसायनानं पेशींची साफसफाई कितीतरी पटींनी वाढायची आणि भूकही मरायची. तपासण्या सुंदर यायच्या. साखर खाली, वजन खाली, चेहरा लख्ख.

अवघड भाग थांबवण्याचा होता. माणूस जेवला, हे जिवाणूला कळणार कसं? त्यासाठी त्याला ल्यूसिन ओळखायला शिकवलं होतं. ल्यूसिन हा प्रथिनांचा एक घटक. डाळ, दूध, अंडं, मासा, शेंगदाणा, सगळ्यांत असतो. आपल्या स्वतःच्या पेशीसुद्धा जेवण आल्याचं बऱ्याच अंशी त्याच्यावरूनच ओळखतात. पुरेसं ल्यूसिन आतड्यातून गेलं की जिवाणू गप्प बसायचा आणि साफसफाई थांबायची. परदेशातल्या चाचण्यांत सगळं चोख ठरलं. तिथले लोक उपास सोडायचे ते जेवून.

आमच्याकडे उपास चालू ठेवूनही पोटभर खायची सोय आहे, हे त्या प्रयोगशाळेत कुणाला ठाऊक असणार? इथे विकणाऱ्यांना ठाऊक होतं. इथल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न काय असेल, हेही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी कॅप्सूलचं वेष्टण जिलेटिनऐवजी समुद्रशेवाळाचं करून घेतलं आणि डबीवर हिरव्या पानाशेजारी ठळक छापलं: उपासाला चालते.

आषाढात आईनं चातुर्मासाचा नेम धरला. चार महिने एक वेळ खायचं, आणि तेही उपासाचंच. वऱ्याचे तांदूळ तिला आवडत नसत, राजगिऱ्याची वडी दातांत अडकायची. राहिलं काय? साबूदाणा, रताळं, बटाटा, केळं. त्यात तिनं दूध आणि दाणेही सोडले. तसं तिनं मंडळात जाहीर केलं, आणि त्या दिवशीही टाळ्या वाजल्या होत्या म्हणे.

भाद्रपदात तिला जिना चढवेना. मग पलंगावरून उठवेना. मला बोलावलं ते मावशीनं, आणि तेही जरा नाराजीनंच, "तुझ्या आईला उगाच दवाखान्यात जायचंय" असं म्हणून.

मिरजेच्या डॉक्टर मुजावरांनी हृदयाच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खोलीत बोलावलं. समोरच्या पडद्यावर त्या तुकड्याचं चित्र होतं आणि ते त्याच्याकडेच पाहत होते.

"उपास करायच्या म्हणता," ते म्हणाले. "सोडायच्या कशानं?"

तोपर्यंत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. तपासण्या भरपूर झाल्या, पण हा प्रश्न नाही. मी सांगितलं.

"आम्हीही रोजा खजुरानं सोडतो," ते म्हणाले. "पण त्यानंतर घरात जे असेल ते सगळं खातो. साबूदाणा म्हणजे नुसतं पिष्ट. आईंच्या पोटातल्या त्या जिवाणूच्या हिशेबानं त्या आषाढापासून जेवलेल्याच नाहीत. पेशींनी आधी अडगळ खाल्ली. ती संपली. मग दंड, मांड्या. हृदय म्हणजेही स्नायूच."

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. मी पेशींची चित्रं पुस्तकांत पाहिली आहेत. दाट, गच्च भरलेली असतात. ही नीट झाडून पुसून रिकामी केली होती. भिंती तेवढ्या शिल्लक.

आईनं त्या रात्री, मावशी खोलीत असतानाच, मला विचारलं, माझ्या तोंडाला घाण येते का गं? मी नाही म्हणाले. दोन दिवसांनी ती गेली.

*

शोकसभेनंतर मी अलकाबाईंना गाठलं. त्या वाटीतल्या उरलेल्या कॅप्सूल डबीत परत भरत होत्या. कुणाकुणाच्या बोटांचा स्पर्श झालेल्या.

मी त्यांना ल्यूसिनचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ऐकताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही.

"केतकी, दुःखात माणूस कारण शोधतो," त्या म्हणाल्या. "ताईंचं हृदय मुळात नाजूकच असणार. शुद्धीमुळे उलट इतके दिवस टिकलं."

"डबीवर 'उपासाला चालते' कुणाला विचारून छापलं?"

"अगं, चालतेच की! त्यात जनावराचं काही नाही, धान्याचं नाही, कांदा-लसूण नाही. आम्ही पंचांगवाल्या गुरुजींना विचारून घेतलंय."

"आणि डॉक्टरांना?"

"डॉक्टरांना उपासातलं काय कळतं?" त्या मनापासून म्हणाल्या. मला तेच सहन झालं नाही. बाई लबाड असती तर सोपं होतं. घरी आल्यावर मी खांदा साबणानं धुतला.

डॉक्टर मुजावरांना फोन केला. मावशीचं सगळं वर्णन ऐकून ते म्हणाले, "कॅप्सूल आज बंद केली तरी जिवाणू काही आठवडे पोटात राहणारच. तोवर त्याला दर काही तासांनी प्रथिन मिळालं पाहिजे, म्हणजे तो गप्प राहील. थोडं थोडं द्या, एकदम नको, उपाशी शरीराला एकदम सोसत नाही. आणि दिवाळीपर्यंत थांबू नका."

मावशीचा नेम संपणार होता दिवाळीनंतर.

*

दुसऱ्या दिवशी एकच्या सुमारास मी तिच्या स्वयंपाकघरात गेले. ती कढईसमोर स्टुलावर बसून खिचडी परतत होती. उभं राहवत नव्हतं. दाण्याच्या कुटाशिवायची साबूदाण्याची खिचडी बेडकाच्या अंड्यांसारखी दिसते. पांढुरकी, बुळबुळीत, एकमेकांना चिकटलेली. मावशी ती उलथन्यानं सोडवत होती आणि तिच्या मनगटाचं हाड आत-बाहेर सरकताना दिसत होतं.

सकाळी डॉक्टरांकडून आणलेली पुडी मी ओट्यावर ठेवली. "हे ल्यूसिन आहे. नुसतं पाण्यातून घ्यायचं."

"कशापासून करतात?"

"उसाच्या रसावर जिवाणू वाढवून."

"म्हणजे ऊसच म्हणायचा." तिचे डोळे जरा चमकले. तिलाही कुठूनतरी वाट हवी होती, हे मला त्या क्षणी दिसलं. "मग चालायला हरकत नाही. थांब, अलकाला विचारते."

"मावशी, तिला कशाला?"

पण तिनं फोन उचललाच. उत्तर लगेच आलं, अलकाबाईंच्या गोड आवाजात: "बेबीताई, बाहेरची पावडर अजिबात नको हं. त्यानं उपास मोडतो. आपल्याच कंपनीची येतेय पुढच्या महिन्यात, तेव्हा बघू."

मावशीनं पुडी माझ्याकडे सरकवली. "बघ. नाही चालत."

ती पाणी आणायला वळली. पुडी माझ्या हातात होती, कढई समोर होती. तिला कळलंही नसतं. पण तिच्या शरीरात तिला न विचारता काम करणारा एक जिवाणू आधीच बसलेला होता. त्यात मला दुसरी भर घालायची नव्हती.

"डाळीचं पाणी घेशील?"

"वेडी आहेस का? डाळ! ताईनं आषाढापासून डाळीला हात लावला नव्हता."

"दूध?"

"ताईनं सोडलं होतं."

"दाणे तरी?"

"केतू, किती वेळा सांगू? ताई करत होती तस्सं. ती वरून बघत असेल. तिचं अर्धवट ठेवून मी मध्येच मुठी भरभरून दाणे खाऊ? तिनं एवढ्या निग्रहानं सोडले ते?"

मला जे सांगायचं होतं ते मी आईच्या फोटोसमोर सांगितलं नसतं. इथे फोटो नव्हता, पण कोपऱ्यात आईचं ताट होतं. मावशी तिच्याच ताटात जेवत होती.

"आईनं दाणे निग्रहानं नाही सोडले," मी म्हणाले. "तिला पित्त व्हायचं."

उलथनं थांबलं.

"ती कॅप्सूल सुरू झाल्यापासून दाण्याचा कूट पोटात गेला की सकाळी मोरीत ओकायची. पिवळंजर्द. मी आषाढात आले होते तेव्हा पुसलंय मी ते. आणि दुधानं जुलाब. दोन वेळा साडी बदलावी लागली. मला म्हणाली, कुणाला सांगू नकोस."

"खोटं. मंडळात ती उभी राहून म्हणाली होती. मी होते तिथे."

"तुम्ही सगळ्याजणी त्या दिवशी काय काय सोडत होतात?"

मावशीनं पुन्हा उलथनं फिरवलं. मग नाइलाजानं म्हणाली, "कुणी मीठ सोडलं. देशमुखबाईंनी चपला. मी चहा."

"आणि मग आईची पाळी आली. तिच्याकडे पित्तच होतं."

मावशीनं उलथनं कढईत टाकलं. तेल उडालं. "लाज नाही वाटत? गेलेल्या आईला खोटारडी म्हणतेस? ती असती तर हिंमत झाली असती?"

"नसती झाली."

"मग आत्ता कशाला बोलतेस?"

"तू आहेस म्हणून."

खिचडी खाली लागायला लागली. करपल्याचा वास आला आणि तेवढ्यापुरता दुसरा वास दबला. मी गॅस बंद केला. मावशी भिंतीकडे पाहत होती. तिचं तोंड रागानं वाकडं झालं होतं. मला वाटलं ती रडणार. पण तिच्या नाकातून एक विचित्र आवाज आला.

"सहावीत असताना," ती म्हणाली, "ताईनं गणिताच्या बाईंना सांगितलं, आज मला पेपर देता येणार नाही, माझा कडक उपास आहे, चक्कर येते. बाईंनी तिला घरी पाठवलं. मी धावत घरी आले, तर ही माडीवर बसून चिवडा खातेय. मला म्हणाली, आईला सांगितलंस तर बघ." तिचे खांदे हलायला लागले. "बाईंनी तिचं वर्गात कौतुक केलं गं! एवढ्याशा वयात केवढी श्रद्धा म्हणून!"

ती हसत होती. दात मोठे दिसत होते, हिरड्या मागे हटल्यामुळे. बघवत नव्हतं, पण मी नजर हलवली नाही.

"लबाड कुठली," ती म्हणाली. मग हसू एकदम ओसरलं. "म्हणजे शोकसभेच्या आधीपासून मी काय पाळतेय? तिचं पित्त?"

"हो."

"माझं पोट अगदी ठणठणीत असताना?"

"हो."

तिनं आईच्या ताटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तिच्या नेमात धान्य नव्हतं, डाळ नव्हती. ते खरं होतं ना?"

"ते खरं होतं."

"मग ते मी पुरं करणार. त्यात तू बोलायचं नाहीस."

"नाही बोलणार. पण कॅप्सूल बंद."

"आणि दाणे उपासाला चालतात," ती म्हणाली. ती मला सांगत नव्हती.

भाजलेल्या दाण्यांची बरणी फडताळात सगळ्यात मागे होती. मी दाणे आणि गूळ एकत्र कुटून सुपारीएवढा लाडू वळला. तिनं तो तोंडात टाकला आणि चावता चावता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, भूक परत येत होती म्हणून की काय कोण जाणे. ते सुंदर दृश्य नव्हतं. तिनं बोटं चाटली, ताटातला भुगा टिपून खाल्ला, कूट हनुवटीला चिकटला. मग मळमळलं. मी तिला मोरीपाशी धरून उभी राहिले. थोडं बाहेर पडलं, बरंचसं आत राहिलं. मी फरशी पुसली. पुसायची मला सवय झाली होती.

संध्याकाळपर्यंत असे चार लाडू झाले. एक वेळ खाण्याचं तिनंही काढलं नाही, मीही नाही. शेवटच्याच्या वेळी ती म्हणाली, "तू जेवलीस का?" आणि मी जेवले नव्हते. मी तिची करपलेली खिचडी दाण्याचा कूट घालून खाल्ली.

डॉक्टर मुजावर रविवारी घरी येऊन हृदयाचा आलेख काढून गेले. वाईट होता, पण आईच्या इतका नव्हता. गेलेलं सगळं भरून येईलच असं नाही, म्हणाले. मावशीनं त्यांना लाडू दिला. मग तिनं मंडळाच्या ग्रुपवर एकच ओळ लिहिली: "शैलजाताईला पित्त होतं, म्हणून तिनं दाणे सोडले होते. तुम्ही खा." मंडळातल्या आणखी किती बायका दाणे न घालता खिचडी करत होत्या, हे मला तोवर सुचलंही नव्हतं. ग्रुपमधून तिला लगेच काढलं गेलं. पण त्या आठवड्यात देशमुखबाई अनवाणी येऊन दारात उभ्या राहिल्या आणि आत यायच्या आधी हळूच विचारलं, "बेबीताई, साधे दाणे चालतील की खारे?"

त्यांच्या तोंडालाही तो वास होता. त्या गेल्यावर मी दार उघडंच ठेवलं.

मावशी खुर्चीत बसली होती. तिनं मला जवळ बोलावलं, माझी हनुवटी धरली आणि माझ्या नाकासमोर तोंड उघडून हा करून श्वास सोडला.

"येतो का अजून? खरं सांग हं. ताईला सांगितलंस तसं नको."

मी श्वास रोखला नाही. भाजलेल्या दाण्यांचा वास होता, गुळाचा होता. आणि खाली, तळाशी, काळ्या केळ्यांचा.

"येतो," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि हात पुढे केला. "मग दे आणखी एक."